मोठ्ठं कार्ड घे आणि मोकळा हो!

गेल्या रविवारी माझ्या भाच्याने कॅमेरा घेतला. नोकरीला लागून वर्ष झालं, तेवढ्यात साठवलेल्या पैशांतून. (त्याच्या वयाचे असताना आमच्याकडे साठवायला पैसे नव्हते आणि घ्यायला कॅमेरे नव्हते, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.) कॅमेरा घरी आला आणि आपल्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे त्याने व्हॉट्सॲपवरच्या घरच्या ग्रुपमध्ये विचारलं, "मेमरी कार्ड कोणतं घेऊ?"

पाच मिनिटांत अकरा उत्तरं आली. मंडळी, ज्या घरात गणपतीच्या दिवशी तळणीचे मोदक करायचे की उकडीचे यावर आजतागायत एकमत झालेलं नाही, त्या घरात या प्रश्नावर अकरा जणांचं एकमत. मोठ्ठं घे. मेव्हणेबुवा म्हणाले २५६ जीबी. आतेभावाने ५१२ चा आकडा टाकला आणि वर सल्ला दिला, "एकदाच काय ते मोठं घे आणि मोकळा हो, पुन्हा बघायला नको."

पुन्हा बघायला नको! नेमकं हेच चुकतंय.

मी ग्रुपवर गप्प बसलो. भाच्याने रात्री फोन केला, "मामा, तू काहीच बोलला नाहीस?" त्याला काय सांगितलं ते पुढे येईलच. पण मी गप्प का बसलो ते इथे लिहायचं ठरवलंय, कारण हे वाचणाऱ्यांत निम्मे तुम्ही नातेवाईकच आहात आणि तुमच्याशी मी गेली काही वर्षं धडधडीत खोटं बोलत आलोय.

आधी थोडा हिशेब करू. भाच्याचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. त्यातला साधा जेपेग फोटो साधारण १० एमबीचा धरा. २५६ जीबीत असे पंचवीस हजार फोटो बसतील. पंचवीस हजार! आपण फिल्मवर फोटो काढायचो तेव्हा एका रोलमध्ये ३६ फोटो यायचे. रोल नीट चढवला तर सदतिसावा, नशीब जोरावर असेल तर अडतिसावाही निघायचा आणि त्या दोन फुकटच्या फोटोंचा आनंद छत्तीसांपेक्षा जास्त असायचा. मी काही "गेले ते दिन" म्हणून उसासे टाकत नाहीये. रोल महाग होता, धुवायला टाकला की आठवडा जायचा आणि निम्म्या फोटोंत काकांचं डोकं कापलेलं असायचं. पण रोलमध्ये एक गुण होता. तो संपायचा. संपला की कॅमेऱ्यातून काढावाच लागायचा, स्टुडिओत द्यावाच लागायचा, आणि फोटो हातात यायचेच. पुढे डिजिटल कॅमेरे आले तेव्हा खोक्यात १६ एमबीचं कार्ड फुकट मिळायचं. तेही इतकं चटकन भरायचं की रोज रात्री रिकामं करण्यावाचून गत्यंतर नसायचं.

२५६ जीबीचं कार्ड संपतच नाही. जे संपत नाही ते आपण कॅमेऱ्यातून काढत नाही, आणि जे काढत नाही त्यात काय आहे ते बघतही नाही. गोव्याची ट्रिप, शेजाऱ्यांच्या मुलीची मुंज, दोन दिवाळ्या आणि एक बारसं, सगळं त्या नखाएवढ्या प्लास्टिकच्या चकतीत. त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. आपल्या मंडळींपैकी किती जणांच्या कॅमेऱ्यात याक्षणी असं कार्ड आहे, हात वर करा बघू. मला दिसणार नाही, पण करा.

आता आत्याचं.

डिसेंबर २०१९ मध्ये वाईला आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. तुम्ही बहुतेक सगळे होतात. आत्या कोण, काय, हे बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की आई आजारी असायची त्या चार वर्षांत आम्हा भावंडांना तिने वाढवलं. त्या दिवशी सकाळी तिने फर्मान काढलं होतं, सगळ्यांनी आपापले फोन त्या वेताच्या टोपलीत टाकायचे. "माझ्याकडे बघा, त्या डबड्याकडे नको." आणि या फर्मानाला सगळ्यांत मोठ्याने अनुमोदन कुणी दिलं? अस्मादिकांनी. "काढा रे फोन बाजूला, मी मोठ्या कॅमेऱ्याने काढतोय ना सगळं!" टोपली मीच फिरवली.

मोठ्या कॅमेऱ्यात खास या कार्यक्रमासाठी मागवलेलं १२८ जीबीचं कार्ड होतं. दुकानात त्या वेळी जी किंमत होती त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मिळालं. वेष्टन चकचकीत, नाव नामांकित. मी त्या सौद्यावर इतका खूश होतो की सौ.ला तीनदा सांगितलं. आदल्या दिवशी मी ते घेऊन मेणवलीला गेलो, घाटावर मनसोक्त फोटो काढले, अर्धा तास व्हिडिओही घेतला. संध्याकाळी ते उतरवून घ्यायला हवे होते. लॅपटॉप सोबत होता, पण मनात म्हटलं, १२८ जीबी आहे, काय घाई आहे?

दुसऱ्या दिवशी मी सहाशेच्या वर फोटो काढले. पितळी परातीत मांडलेले ८१ दिवे. ओवाळताना आत्याच्या चष्म्यात ते सगळे दिवे दिसत होते तो फोटो. जेवणं झाल्यावर ती माडीवर बसून तिच्या सासूबाईंच्या नकला करत होती, आणि माझी आई, जी सहसा मोठ्याने हसत नाही, ती पदर तोंडाला लावून हसत होती, त्याचा वीस मिनिटांचा व्हिडिओ. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर प्रत्येक फोटो काढल्याकाढल्या दिसत होता.

पुण्याला आल्यावर चार दिवसांनी कार्ड लॅपटॉपला लावलं. फायलींची यादी पूर्ण होती. नाव, तारीख, वेळ, आकार, सगळं जिथल्या तिथे. मेणवलीचे फोटो उघडले. सकाळची रांगोळी उघडली, रिकाम्या खुर्च्या उघडल्या, आचाऱ्याची भलीमोठी कढई उघडली. त्यानंतरची एकही फाईल उघडली नाही.

१२८ जीबीच्या त्या कार्डात खरी जागा ८ जीबी होती.

ही लबाडी कशी चालते ते नीट समजून घ्या, कारण ती आजही चालते. प्रत्येक कार्डात साठवणीच्या चिपबरोबर एक छोटा कारभारी बसवलेला असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. कॅमेरा त्यालाच विचारतो, "बाबा रे, जागा किती?" बनावट कार्डातल्या कारभाऱ्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. गोदाम आठ पोत्यांचं, तो सांगतो एकशे अठ्ठावीस. पहिली आठ पोती तो नीट रचून ठेवतो. नववं आलं की पावती फाडतो, वहीत नोंद करतो आणि पोतं मागच्या दाराने नदीत सोडून देतो. काही कारभारी नवं पोतं जुन्याच्या जागी टाकतात, म्हणजे आधीचंही जातं. माझा फेकून देणाऱ्यांपैकी होता. वही, म्हणजे फायलींची यादी, कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून ती शाबूत राहते आणि आपल्याला सगळं आलबेल वाटतं. आणि फोटो काढल्यावर लगेच पडद्यावर जे दिसतं ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीतलं असतं, कार्डातून परत वाचलेलं नसतं. त्या दिवशी मी संध्याकाळी पाच मिनिटं बसून मागचे फोटो चाळले असते तरी कळलं असतं. आत्या तिथेच होती, दिवे तिथेच होते. पुन्हा लावले असते.

कार्ड घेऊन मी डेटा परत मिळवून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्याने दोन दिवस ठेवून घेतलं आणि एक पैसा न घेता परत दिलं. म्हणाला, "साहेब, पुसलेलं मी परत आणतो. हे लिहिलंच गेलं नव्हतं."

त्यानंतर तुमच्यापैकी प्रत्येकाने मला फोटो मागितले. मी म्हणालो निवडतोय, रंग सुधारतोय, हार्ड डिस्क दुरुस्तीला दिलीय. एप्रिल २०२१ मध्ये आत्या गेली. हॉस्पिटलमधून तिला थेट नेलं, कुणालाच बघता आलं नाही. तेव्हा धाकट्या बहिणीने पुन्हा विचारलं, "दादा, ते चष्म्यात दिवे दिसतात तो फोटो दे ना, फ्रेम करू." मी तिला म्हटलं, शोधतो. माझ्याकडे मेणवलीच्या घाटावरची घंटा चार कोनांतून आहे. आत्या एकाही कोनातून नाही.

आता तुमच्यातले हुशार लोक म्हणतील (आतेभाऊ आधी म्हणेल), की हा दोष बनावट कार्डाचा. मोठ्या कार्डाचा काय संबंध? खरं २५६ घ्यावं, झालं!

संबंध आहे. मला त्या दिवशी १६ जीबीची दोन कार्डं पुरली असती. तापकीर गल्लीत कुठल्याही दुकानात ती पावतीसकट मिळाली असती. पण मला आकडा मोठा हवा होता, खिसा लहान होता, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीतच तो विक्रेता दुकान मांडून बसला होता. स्वस्तातलं मोठं कार्ड हे आमिष मोठ्याच्या हव्यासालाच लागतं. आणि समजा कार्ड अस्सल असतं, तरी मी ते चार दिवस रिकामं केलं नव्हतंच. त्या चार दिवसांत ते हरवलं असतं, कॅमेरा एसटीत राहिला असता, कार्डाचा संपर्क बिघडला असता, तर गोष्ट हीच. अस्सल कार्डंही बिघडतात, कळत नकळत, कसलीही सूचना न देता. एका २५६ ऐवजी ६४ ची चार असतील तर चारही एकाच दिवशी जाणार नाहीत.

दुसरा आकडा वेगाचा. यावर तर लोक जीबीहून जास्त भाळतात. दुकानदार कार्डावर छापलेल्या १७० किंवा २०० वर बोट ठेवतो. हा आकडा वाचण्याचा असतो, म्हणजे कार्डातून कॉम्प्युटरमध्ये फोटो घेतानाचा. कॅमेऱ्याला गरज असते लिहिण्याच्या वेगाची. तोही "पर्यंत" वाला कमाल वेग नको, तर कितीही झालं तरी याच्याखाली जाणार नाही असा किमान वेग. तो बारीक अक्षरांत असतो. इंग्रजी सी अक्षराच्या गोलात १० असेल तर सेकंदाला किमान १० एमबी. यू अक्षराच्या पेल्यात ३ असेल तर किमान ३०. व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० म्हणजे तितके एमबी. कार्ड घेताना वाचायचं ते हे, आणि नेमकं हेच वाचायला चष्मा लागतो.

गंमत पुढे आहे. भाच्याच्या कॅमेऱ्याची खाच यूएचएस-वन पद्धतीची आहे. त्या पद्धतीत कार्ड आणि यंत्र यांच्यामधला रस्ता सेकंदाला जास्तीत जास्त १०४ एमबीचा. मग कार्डावर १७० आणि २०० कसे छापतात? तो वेग कंपनीच्या स्वतःच्या युक्तीने, त्याला जुळणाऱ्या खास रीडरमध्येच मिळतो. कॅमेऱ्यात नाही. आणि लागतो तरी कुठे? त्याचा कॅमेरा फोर के व्हिडिओ १०० मेगाबिटने लिहितो. मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठाने भागा, साडेबारा एमबी आले. व्ही ३० त्याला दुपटीहून जास्त पुरतं. व्ही ९० घेऊन तो काय करणार, कार्डाला वारा घालणार? कार्डावर ए-वन, ए-टू असंही काही लिहितात. ते फोनमधल्या ॲपसाठी, कॅमेऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

याच्या उलट टोकाची गोष्ट पुतणीची. सध्या तिच्या कॉलेजात जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड आलंय. तिने आमच्या कपाटातून २००५ सालचा कॅमेरा शोधून काढला, चार्जर शोधला, आणि आश्चर्य म्हणजे बॅटरी अजून जिवंत! मग बाबांकडून ६४ जीबीचं कार्ड घेऊन त्यात घातलं. कॅमेरा म्हणाला, कार्ड एरर. बाबांनी लगेच निदान केलं, कॅमेरा गेला. कॅमेरा ठणठणीत आहे हो! एसडी कार्ड १९९९ मध्ये आलं. ३२ जीबीपर्यंत जाणारा एसडीएचसी हा प्रकार २००६ चा, त्याच्यावरचा एसडीएक्ससी २००९ चा. २००५ मधल्या त्या बिचाऱ्याला पुढच्या पिढ्यांची भाषाच येत नाही. त्याला २ जीबीपर्यंतचं जुनं साधं एसडी कार्ड लागतं. चार दुकानदार हसले, पाचव्याच्या ड्रॉवरमध्ये १ जीबीचं सापडलं. पोरगी आता त्यावर झकास फोटो काढतेय आणि रोज रात्री उतरवून घेतेय, कारण न घेऊन सांगते कुणाला!

माझ्या म्हणण्याला अपवाद आहेत, ते कबूल करतो. ताडोब्यात वाघ झेप घेताना सेकंदाला वीस फोटो काढणाऱ्याला व्ही ९० लागतं, कार्डावर पिनांची दुसरी रांग असलेलं यूएचएस-टू लागतं, आणि तसा कॅमेराही लागतो. नाहीतर महागडं कार्ड यूएचएस-वनच्या खाचेत त्याच जुन्या वेगाने चालतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी मोठी कार्डं जरूर वापरावीत. मंगलाष्टकं चालू असताना "थांबा, कार्ड बदलतो" असं भटजींना सांगता येत नाही. पण ते लोक बहुधा दोन खाचांचा कॅमेरा ठेवतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींकडे लिहून घेतात. म्हणजे ज्यांचं पोट यावर आहे ते एका कार्डावर विसंबत नाहीत. आपण हौशी लोकच एवढे श्रद्धाळू.

लहान कार्डं हरवतात, असा मेव्हणेबुवांचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. त्याला उपाय एक प्लास्टिकची डबी. भरलेलं कार्ड उलटं ठेवायचं, रिकामं सुलटं. मीही एक हरवलंय. त्यात दोन दिवसांचे फोटो गेले, दोन वर्षांचे नाही.

तर भाच्याला त्या रात्री मी काय सांगितलं? ६४ जीबीची दोन घे, व्ही ३०. दुकानात जाऊन, छापील बिलावर. छोट्या मायक्रो कार्डाला ॲडॅप्टर लावून वापरू नकोस, एक सांधा उगाच वाढतो. घरी आणल्यावर एकही फोटो काढायच्या आधी ते तपास. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री नावाचे फुकट प्रोग्राम आहेत. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि भरलेलं परत वाचून ताडून बघतात. कारभारी खोटं बोलत असेल तर तिथे पकडला जातो. ६४ जीबीला साधारण तासभर लागेल, तेवढ्यात जेवून घे. (६४ च्या जागी ५९ पूर्णांक काहीतरी दिसेल, त्याने घाबरू नकोस. तो मोजमापाचा फरक आहे, चोरी नाही.) कार्यक्रम झाला की त्याच दिवशी फोटो दोन ठिकाणी उतरव, उघडून बघ, आणि मगच कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट कर. चुकून काही पुसलं गेलंच तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नकोस. न लिहिलेल्या कार्डावरून पुसलेलं बऱ्याचदा परत मिळतं.

तो म्हणाला, "मामा, आत्याआजीच्या कार्यक्रमात तू असंच केलं होतंस का?"

म्हणून हे लिहायला बसलो.

आता एकच मागणं. त्या दिवशी टोपलीत एकोणीस फोन जमले होते आणि जेवायला पानं बावीस मोठ्या माणसांची मांडली होती. एक आत्या सोडली, तिच्याकडे फोनच नव्हता. म्हणजे दोघांनी फोन टाकला नव्हता. आत्याने मला हळूच विचारलंही होतं, "दोघं चोर कोण रे?" मी तेव्हा चिडलो होतो. आता अजिबात चिडणार नाही, शपथ. ते जे कोणी दोघं असाल, तुमच्या जुन्या फोनमध्ये, ड्रॉवरमध्ये, कुठेही, एखादा हललेला, अर्धा कापलेला फोटो असेल तरी पाठवा. धाकट्या बहिणीला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. ती हे वाचेपर्यंत काहीतरी हाती लागावं.